टोमॅटोच्या रानभावंडांचा जनुकनकाशा: कोकणातल्या नवशिक्यांसाठी

दिवाळी सरली की कोकणात वायंगणी भाजीचे मळे उभे राहतात. भात कापून मोकळ्या झालेल्या कुणग्यांत वाफे पडतात, विहिरीचं पाणी फिरू लागतं, आणि टोमॅटो फुलावर येतो न येतो तोच एखादं झाड भरदुपारी मान टाकतं. संध्याकाळी थोडं सावरल्यासारखं वाटतं, पण चार-दोन दिवसांत ते हिरवंगार असतानाच मरतं. पानं पिवळी पडायलाही वेळ मिळत नाही. ही जिवाणूजन्य मर. रालस्टोनिया सोलॅनॅसिॲरम नावाचा जिवाणू मुळांतून आत शिरतो, खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या तुंबवून टाकतो. आम्ल माती, ऊब आणि ओल त्याला मानवते, आणि जांभ्याच्या कोकणात या तिन्ही गोष्टी भरपूर आहेत. फवारणीने तो जात नाही. मातीत एकदा आला की वर्षानुवर्षं राहतो, आणि वांगी-मिरचीलाही सोडत नाही.

म्हणून टिकाऊ उपाय एकच: झाडाच्या अंगचा प्रतिकार. तो प्रतिकार कुठल्या गुणसूत्रावर, कुठल्या जागी बसला आहे हे शोधायची रीत म्हणजे जनुकीय सहलग्नता नकाशा, बोलीभाषेत लिंकेज मॅप. दापोलीला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात असलेल्या, किंवा रत्नागिरी-सावंतवाडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. बारावीनंतर मेंडेलचे वाटाणे पुन्हा पाहिले नसतील तरी चालेल.

नकाशा नेमका कशाचा

टोमॅटोत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. परागकण किंवा बीजांड तयार होताना जोडीतली गुणसूत्रं आपापसात तुकड्यांची अदलाबदल करतात. समजा घाटातल्या रस्त्यावर दोन गावं आहेत. पावसाळ्यात दरड कुठेही कोसळू शकते. गावं जितकी लांब, तितकी ती नेमकी त्यांच्यामध्ये कोसळण्याची शक्यता जास्त. गुणसूत्रावरच्या दोन जागांचंही असंच आहे. जवळच्या जागा पिढ्यान् पिढ्या एकत्र जातात, लांबच्या सुटतात. किती टक्के संततीत त्या सुटल्या हे मोजलं की अंतर कळतं. अंतर लहान असेल तर १ टक्का सुटका म्हणजे साधारण १ सेंटीमॉर्गन. हे नाव थॉमस हंट मॉर्गन यांच्यावरून पडलं. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने १९१३ साली फळमाशीचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला.

सेंटीमॉर्गन म्हणजे डीएनएची लांबी नव्हे, हे सुरुवातीलाच मनात पक्कं करा. टोमॅटोच्या जनुकसंचात सुमारे ९० कोटी अक्षरं आहेत आणि नकाशा साधारण १,२०० ते १,५०० सेंटीमॉर्गनचा येतो. म्हणजे सरासरीने एका सेंटीमॉर्गनला सहा-सात लाख अक्षरं. पण गुणसूत्राच्या मध्यबिंदूभोवती अदलाबदल जवळपास होतच नाही. तिथे कोट्यवधी अक्षरं नकाशावर एका ठिपक्यात मावतात, आणि टोकांकडे थोडीशी अक्षरंसुद्धा लांब पसरतात.

रानटी भावंडं कशाला हवीत

बाजारातले दोन टोमॅटो दिसायला कितीही वेगळे असले तरी डीएनएत ते फार सारखे निघतात. माणसाने निवडत निवडत त्यांच्यातलं वैविध्य आटवून टाकलं. जिथे फरक नाही तिथे आईचा तुकडा कुठला आणि बापाचा कुठला हे ओळखता येत नाही, मग नकाशा निघणार कसा? दक्षिण अमेरिकेतल्या रानजाती इथे कामाला येतात. पेरू आणि इक्वेडोरच्या किनारपट्टीतला सोलॅनम पिंपिनेलिफोलियम हा लागवडीच्या टोमॅटोचा सर्वांत जवळचा नातलग. त्याची फळं करवंदाएवढी, लाल, आणि संकर सहज होतो. सोलॅनम पेनेली पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावरचा, फळ पिकलं तरी हिरवंच. सोलॅनम हॅब्रोकायटिस अंगभर लवेचा, किडींना नको वाटणारा. सोलॅनम चिलेन्सेमधून पर्णगुच्छ विषाणूचा प्रतिकार आला आणि सोलॅनम पेरुव्हियानममधून मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा.

खाडीकाठच्या खार जमिनीचा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनी गालापागोस बेटांवरच्या जातींकडे पाहावं. तिथले काही टोमॅटो समुद्राच्या अगदी काठाला, खारे तुषार झेलत वाढतात. टोमॅटोचे अभ्यासक चार्ल्स रिक यांनी या बेटांवरून बियाणं आणलं तेव्हा ते रुजेना. महाकाय कासवांच्या पोटातून गेलेलं बी मात्र चांगलं रुजतं, असं त्यांनी दाखवून दिलं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे त्यांच्या नावाने टोमॅटोचा मोठा बीजसंग्रह आहे. ‘एलए’ने सुरू होणारे क्रमांक वाचनात आले की ते याच संग्रहातले समजा.

आधी प्रश्न ठरवा, मग आईबाप

नवशिक्यांची सगळ्यात मोठी घाई इथेच होते. मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) कुठले, सॉफ्टवेअर कुठलं, यावर चर्चा रंगते, पण ‘मला नक्की काय शोधायचंय’ हे एका वाक्यात सांगता येत नाही. ‘जिवाणूजन्य मर सोसणारी जनुकं कुठे आहेत’ हा प्रश्न झाला. ‘रानटी टोमॅटोचा अभ्यास’ हा प्रश्न नाही.

प्रश्न ठरला की असे दोन आईबाप निवडा की हव्या त्या गुणात ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असतील आणि डीएनएतही पुरेसे वेगळे असतील. रानटी म्हणजे काटक, रानटी म्हणजे रोगाला पुरून उरणारा, ही समजूत इथे बाजूला ठेवा. मर रोगावरचा जगातला सर्वांत अभ्यासलेला संकर आहे ‘हवाई ७९९६’ आणि ‘वेस्ट व्हर्जिनिया ७००’ यांचा. त्यात मर सोसणारी ओळ (पिढ्यान् पिढ्या एकसारखी संतती देणारं बियाणं) आहे हवाई ७९९६, म्हणजे लागवडीचा टोमॅटो. वेस्ट व्हर्जिनिया ७०० हा पिंपिनेलिफोलियम, आणि तोच मरीला बळी पडतो. रानभावंडाला इथे घेतलं ते प्रतिकारासाठी नव्हे, डीएनएतल्या फरकासाठी. या संकरातून प्रतिकाराच्या दोन मुख्य जागा हाती लागल्या: १२ व्या गुणसूत्रावरची ‘बीडब्ल्यूआर-१२’ आणि ६ व्यावरची ‘बीडब्ल्यूआर-६’. पहिली जागा २.८ सेंटीमॉर्गनच्या पट्ट्यात पकडता आली. दुसरी मात्र कुठल्या चाचणीची आकडेवारी घेतली त्यानुसार १५ सेंटीमॉर्गनच्या पट्ट्यात इकडेतिकडे सरकत राहते. नकाशा कुठे ठाम बोलतो आणि कुठे चाचपडतो, याचा इतका चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

बियाणं परदेशातून मागवायचं तर ते दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फतच. आयात परवाना आणि संगरोध तपासणी तिथूनच होते, आणि बियाण्याला ‘ईसी’ क्रमांक मिळतो. कुणी ओळखीचा परदेशातून येतोय म्हणून खिशातून बी आणवू नका. टोमॅटोचे कित्येक विषाणू बियाण्यावरून पसरतात, आणि एक नवा रोग किनाऱ्यावर उतरवायला चिमूटभर बी पुरतं. मार्गदर्शकांना आधी विचारा. हवं ते बी बऱ्याचदा देशातल्याच एखाद्या संस्थेत असतं.

रुजवण आणि संकर

रानटी टोमॅटोचं बी हट्टी असतं. घरगुती ब्लीचमध्ये तेवढंच पाणी मिसळून त्यात बी अर्धा तास ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवा. कवच मऊ होतं आणि बियाण्यावरचे विषाणूही बरेच मरतात. गालापागोसच्या बियाण्याला याहून जास्त वेळ लागतो. ट्रेमध्ये निर्जंतुक कोकोपीट भरून पेरा. रोपांना जांभ्याची माती या टप्प्यावर मुळीच दाखवू नका, नाहीतर प्रयोग सुरू होण्याआधी मरच तुमची निवड करून बसेल. पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे तरवा नोव्हेंबरात लावता येतो. बऱ्याच रानजाती लहान दिवसात चांगल्या फुलतात, त्यामुळे आपला रब्बी हंगाम त्यांना जमतो.

लागवडीचा टोमॅटो आई म्हणून घ्या, रानटी बाप म्हणून. पेरुव्हियानम, हॅब्रोकायटिस यांच्यासारख्या जातींची बरीचशी झाडं लागवडीच्या टोमॅटोचे परागकण आपल्या स्त्रीकेसरात वाढूच देत नाहीत. उलट बाजूने निदान परागनलिका तरी वाढते. पिंपिनेलिफोलियमला हा अडथळा नाही, पण सवय एकच असलेली बरी. पेरुव्हियानमच्या संकरात तर बीसुद्धा धड भरत नाही. १९४४ साली सूत्रकृमींचा प्रतिकार लागवडीच्या टोमॅटोत आणला गेला तो कोवळा गर्भ काढून, प्रयोगशाळेत वाढवून. पहिल्याच प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी निवडा. पाकळ्या फिक्या पिवळ्या झालेल्या, पण अजून मिटलेल्या असतात. चिमट्याने पुंकेसरांचा सुळका अलगद काढून टाका, स्त्रीकेसराला धक्का लागू देऊ नका. दुसऱ्या सकाळी दव सुकल्यावर बापाच्या उमललेल्या फुलाला कंपन देऊन परागकण कॅप्सूलच्या टोपणात झाडून घ्या. विजेचा टूथब्रश याला फार चांगला. आपल्या दमट हवेत परागकण गोळा होऊन चिकटतात, म्हणून ऊन थोडं वर येऊ द्या. स्त्रीकेसराचं टोक त्या टोपणात बुडवा, फुलाला लेबल बांधा. लेबलवर पेन्सिलीनेच लिहा. पेनची शाई दवाने धुऊन जाते, आणि नाव नसलेल्या फळाचा उपयोग शून्य.

फळ पिकायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. पुढच्या हंगामात पहिली संकरित पिढी, म्हणजे एफ-१, लावली की एका-दोन मार्करने तपासा. जेलवर दोन्ही आईबापांच्या डीएनएच्या पट्ट्या दिसल्या तरच तो संकर. एकच दिसली तर आईचंच स्वपरागित बी आलंय, आणि त्यावर पुढची वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

कुठली पिढी वापरायची

हा भाग सावकाश वाचा, कारण मर रोगाच्या बाबतीत सगळं यावर अवलंबून आहे.

एफ-१ च्या स्वपरागणातून एफ-२ मिळते. ती झटपट हाती येते आणि पाठ्यपुस्तकातली उदाहरणं तिचीच असतात. फळाचा रंग, पानाचा आकार असे गुण शोधायचे असतील तर एफ-२ चालेल. पण मर झाड मारते. एफ-२ मधलं प्रत्येक झाड आनुवंशिकदृष्ट्या एकमेव असतं. ते मेलं तर ते खरंच दुबळं होतं, की त्याच्या मुळाला खुरप्याची जखम झाली होती, की त्याच्या बुडाशी जिवाणू जास्त होते, हे कळायला दुसरं झाड नसतं. आणि वाचलेलं झाड प्रतिकारामुळे वाचलं की नशिबाने, हेही कळत नाही.

म्हणून अशी पिढी हवी जिच्यातली तीच घडण पुन्हा पुन्हा, अनेक कुंड्यांत, अनेक हंगामांत लावता येईल. त्या आहेत स्थिर संकरित ओळी, ज्यांना सगळे आरआयएल म्हणतात. प्रत्येक एफ-२ झाडाचं एक बी पुढे न्यायचं, त्याचं पुन्हा एक, असं करत सात-आठ पिढ्या जायचं. दर पिढीत मिश्र जागा निम्म्या होतात: एफ-२ मध्ये ५० टक्के, एफ-६ मध्ये ३ टक्के, एफ-८ मध्ये १ टक्क्याहूनही कमी. एक बी मेलं तर ओळ तुटते, म्हणून दोन-तीन रोपं लावून एक ठेवायचं. पिंपिनेलिफोलियमच्या संततीत काही झाडांचं स्त्रीकेसर पुंकेसरांच्या बाहेर डोकावतं आणि मधमाश्या परके परागकण आणतात. अशा फुलांना जाळीची पिशवी घाला.

एम.एस्सी.ची दोन वर्षं यासाठी पुरणार नाहीत, हे उघड आहे. तेव्हा एकतर तयार ओळी मिळवा, नाहीतर एफ-२ च्या प्रत्येक झाडापासून एफ-३ कुटुंब घ्या. डीएनए एफ-२ झाडाचा, रोगाची चाचणी त्याच्या १५-२० एफ-३ पोरांवर. हा मार्ग दोन वर्षांत बसवता येतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओळी किंवा कुटुंबं १५० च्या आसपास ठेवा. पन्नासात नकाशा निघतो, पण त्यावर विश्वास ठेवू नये.

पान, डीएनए, मार्कर

कोवळं पान रोगाची चाचणी सुरू होण्याआधी तोडा. मेलेल्या झाडाचं पान मागून मिळत नाही. पावसाळी हवेत पानं कागदात ठेवली तर बुरशी येते, म्हणून पान तोडल्याबरोबर सिलिका जेलच्या डबीत टाका. पुढची कृती प्रत्येक प्रयोगशाळेत लिहिलेली असते: डीएनए मोकळा करणाऱ्या सीटीएबीच्या द्रावणात ६५ अंशांवर, क्लोरोफॉर्मने साफ करून, आयसोप्रोपॅनॉलने खाली बसवून, ७० टक्के अल्कोहोलने धुऊन. टोमॅटोच्या पानात फिनॉल बरंच असतं, डीएनए तपकिरी दिसला तर द्रावणात फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवा.

मार्कर म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा. पीसीआर आणि जेल एवढीच सोय असेल तर एसएसआर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या लांबीतला फरक) घ्या, पैसे असतील तर एसएनपी (एकाच अक्षराचा फरक). टोमॅटोच्या हजारो मार्करची माहिती ‘सोल जीनोमिक्स नेटवर्क’वर मोफत आहे. टोमॅटोचा पूर्ण जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्या आंतरराष्ट्रीय कामात ५ व्या गुणसूत्राची जबाबदारी भारतीय प्रयोगशाळांकडे होती. त्यामुळे आज मार्कर कुठे बसतो हे आधीच पाहून दर १० सेंटीमॉर्गनला एक असे निवडता येतात. आधी फक्त दोन आईबाप आणि एफ-१ वर सगळे मार्कर चालवा. जे फरक दाखवत नाहीत ते सोडून द्या, आणि मगच दीडशे ओळींवर खर्च करा.

जेलवरची पट्टी वाचताना आईसारखी असेल तर ए, बापासारखी बी, दोन्ही असतील तर एच, आणि शंका असेल तर रिकामं. हे ‘रिकामं’ फार महत्त्वाचं आहे. एक चुकीचं अक्षर नकाशात दोन खोट्या अदलाबदली घुसवतं. अशा चुका साठल्या की नकाशा फुगतो, आणि १,३०० च्या जागी २,५०० सेंटीमॉर्गन दिसू लागतात. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मग जुळवा.

गुणोत्तर तपासणी

स्थिर ओळींत प्रत्येक मार्करला ए आणि बी निम्मे-निम्मे यायला हवेत. समजा १६० ओळींत ९७ ए आणि ६३ बी आले. अपेक्षा ८०-८० ची. काय-वर्ग, म्हणजे अपेक्षेपासून आकडे किती ढळले याचं माप, काढा: १७ चा वर्ग २८९, त्याला ८० ने भागून दोनदा मिळवलं की ७.२ येतात. योगायोगाची मर्यादा ३.८४ ची, म्हणजे हा मार्कर कललेला आहे.

लगेच फेकू नका. त्याच्या शेजारचे मार्करही त्याच बाजूला कललेले असतील तर ते खरं आहे. लांबच्या जातींच्या संकरात काही तुकडे परागकणांत किंवा रोपांत मागे पडतात, हे नेहमीचं. शेजारी सरळ आणि हा एकटाच वाकडा असेल तर जेल पुन्हा पाहा. शंभर मार्कर तपासले तर चार-पाच निव्वळ योगायोगानेही मर्यादेबाहेर जातात, हेही ध्यानात असू द्या.

अंतर काढताना कोसंबी

आता सगळ्यात सुंदर भाग. समजा १६० ओळींपैकी ३२ ओळींत दोन मार्कर सुटलेले आहेत, म्हणजे ०.२०. पण स्थिर ओळी अनेक पिढ्यांतून आल्या, आणि प्रत्येक पिढीत सुटायची संधी होती. एका पिढीचा दर काढायचा तर ०.२० ला, २ मधून त्याची दुप्पट वजा करून, म्हणजे १.६० ने भागा. उत्तर ०.१२५.

यातही एक अडचण उरते. दोन मार्करच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ते पुन्हा एकत्रच दिसतात आणि आपण ती मोजत नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली यावर सूत्र दिलं, पण त्यात एक अदलाबदल दुसरीला अडवत नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात ती अडवते; एक झाली की तिच्या जवळ दुसरी होणं अवघड जातं. हे लक्षात घेणारं सूत्र १९४० च्या दशकात दिलं दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण व्यवसायाने ते गणिती. जन्म १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेनचा, आणि हे सूत्र मांडलं तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. आज जगभरात पिकांचे जनुकनकाशे निघतात तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये ‘कोसंबी’ हा पर्याय निवडला जातो. कोकणच्या किनाऱ्यावरच्या माणसाचं नाव तुमच्या पडद्यावर रोज येणार आहे, ते कुणाचं आहे हे ठाऊक असू द्या.

सूत्र असं: दर दुप्पट करा, तो १ मध्ये मिळवा आणि १ मधून वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन २५ ने गुणा. आपल्या उदाहरणात १.२५ भागिले ०.७५, लॉगॅरिदम ०.५११, आणि अंतर १२.८ सेंटीमॉर्गन. एकदा तरी हे कागदावर करा. मग सॉफ्टवेअर उलटसुलट उत्तर देईल तेव्हा तुम्हाला संशय येईल.

दोन मार्कर खरंच जोडलेले आहेत की योगायोग, हे लॉड या आकड्याने ठरतं. लॉड ३ म्हणजे जोडलेले असण्याच्या बाजूने हजारास एक असा कौल. वरच्या उदाहरणात लॉड १३ च्या वर जातो, म्हणजे शंकेला जागाच नाही. सगळे मार्कर घालून गट पाडले की १२ गट पडायला हवेत. चौदा पडले तर कुठल्या तरी गुणसूत्रावर मध्ये मोकळी जागा आहे, तिथे मार्कर वाढवा. अकरा पडले तर लॉडची मर्यादा चढवा. ‘आर-क्यूटीएल’ किंवा ‘आयसीआय मॅपिंग’ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि नवशिक्याला पुरतात.

मरीची चाचणी

इतकं सगळं नीट करून इथे ढिलाई झाली तर नकाशा बरोबर आणि उत्तर चूक, असं होतं. मला हा टप्पा बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आधी रोग तोच आहे याची खात्री करा. मेलेल्या झाडाचं खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर. बुरशीच्या मरीत असा धागा दिसत नाही. त्या झाडातून जिवाणू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवा. तो तुमच्याच भागातला असू द्या, कारण प्रतिकार जिवाणूच्या वाणानुसार बदलतो. बीडब्ल्यूआर-१२ सगळ्या वाणांवर चालत नाही.

चाचणी कुंड्यांत किंवा बंदिस्त वाफ्यांत करा, उघड्या मळ्यात कधीही नाही. कोकणात शेतं उतारावर असतात. वरच्या कुणग्यातलं पाणी खालच्यात जातं आणि त्याबरोबर जिवाणूही. तुमच्या प्रबंधासाठी खालच्या शेतकऱ्याची वांगी जाता कामा नयेत. काम झालं की माती आणि पाणी दोन्ही निर्जंतुक करा.

चार-पाच पानांच्या रोपांच्या मुळाशी जिवाणूचं मोजलेलं द्रावण ओता. प्रत्येक ओळीची दहाएक रोपं, तीन वेगवेगळ्या जागी विखरून. मध्ये मध्ये हवाई ७९९६ आणि लवकर मरणारी ‘पुसा रुबी’ लावा. पुसा रुबी एका कोपऱ्यात जिवंत राहिली तर त्या कोपऱ्याची आकडेवारी धरू नका. रोज त्याच वेळी पाहणी करा, दुपारची बरी. शून्य म्हणजे ठणठणीत, १ म्हणजे एक पान मलूल, ५ म्हणजे मेलेलं. कोणत्या दिवशी काय दिसलं ते सगळं नोंदवा; नुसत्या शेवटच्या दिवसाच्या मोजणीत हळू मरणारी आणि पटकन मरणारी ओळ सारखीच दिसते. थंडीत रोग मंदावतो, म्हणून चाचणी माती उबदार असताना घ्या आणि दुसऱ्या हंगामात पुन्हा करा. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी आहेत का तेही उपटून पाहा, कारण त्यांच्या जखमांतून जिवाणू सहज शिरतो.

जागा सापडली, पुढे काय

नकाशा आणि रोगाचे आकडे एकत्र घातले की सॉफ्टवेअर गुणसूत्रागणिक लॉडचा आलेख काढतं. शिखर जिथे उंच, तिथे प्रतिकाराची जागा, म्हणजे क्यूटीएल, असण्याची शक्यता. किती उंची पुरेशी हे पुस्तकातून घेऊ नका. रोगाचे आकडे ओळींमध्ये हजार वेळा पिसून सॉफ्टवेअरलाच मर्यादा काढायला सांगा. शिखराच्या टोकापेक्षा त्याचा पट्टा सांगा, टोकापासून दीड लॉड खाली उतरेपर्यंतचा. आणि ‘ही जागा ४० टक्के फरक समजावते’ असं उत्तर छोट्या संख्येतून आलं तर ते थोडं कमीच धरा. ओळी कमी असल्या की सापडलेल्या जागांचा परिणाम फुगून दिसतो, याला बीव्हिस परिणाम म्हणतात.

आता तो पट्टा चांगल्या वाणात न्यायचा. लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत गेलं की त्या वाणाचा वाटा सरासरी ७५, मग ८७.५, मग ९३.७५ टक्के होतो. दर पिढीत पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मार्कर ठेवा. आतले मार्कर प्रतिकाराच्या ओळीचे आणि बाहेरचे चांगल्या वाणाचे असलेलं रोप शोधा, म्हणजे नको असलेला तुकडा सोबत येणार नाही. कधी कधी कितीही रोपं तपासली तरी पट्टा तुटतच नाही. चिलेन्सेमधून आलेल्या, पर्णगुच्छ विषाणूला रोखणाऱ्या ‘टीवाय-१’ जनुकाच्या जागी असंच आहे: तिथे रानटी गुणसूत्राचा तुकडा लागवडीच्या टोमॅटोच्या तुलनेत उलटा बसलाय, त्यामुळे अदलाबदल होत नाही. नकाशावर एकाच जागी मार्करची गर्दी दिसली तर हे कारण आधी तपासा, रोपं वाढवण्यात पैसे घालू नका.

आणि जनुक हाती आलं तरी हवामान आपलं शेवटचं म्हणणं मांडतंच. पेरुव्हियानमचं सूत्रकृमींना रोखणारं ‘एमआय’ जनुक मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढिलं पडतं, आणि मार्चनंतर आपल्या उघड्या वाफ्यांत ते सहज घडतं. म्हणून निवडलेल्या ओळी फक्त जानेवारीत पाहू नका. मळ्यात बाहेरून जिवाणू आणून न टाकता, जिथे मर आधीच आहे अशा दापोली, लांजा, सावंतवाडीकडच्या मळ्यांत, शेतकऱ्यांच्या संमतीने, शेजारी पुसा रुबी लावून त्या उन्हाळ्यापर्यंत उभ्या ठेवा, आणि दर झाड मेलं की खोड ग्लासात लटकवून कारण नोंदवा.